चादरीचं दुसरं टोक

जुनी ट्रॉली बॅग मावशींना द्यायची म्हणून कप्पे झटकले, तर हॉटेलातल्या साबणाची चपटी वडी निघाली. लिंबाचा, किंचित औषधी वास. आणि मला आठवली ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ सिनेमातली शार्लट. गुडघे पोटाशी घेऊन हॉटेलच्या खिडकीत बसलेली, खाली अफाट टोकियो, नवरा फोटोंच्या कामावर.

कॉलेजात पाहिला तेव्हा ‘ह्यात काही घडतच नाही’ म्हणत मैत्रिणी उठून गेल्या. मी थांबले ती बिल मरेच्या चेहऱ्यासाठी. त्याचा बॉब म्हणजे सन्तोरी व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी आलेला उतरणीचा नट. खरं तर 1980च्या सुमारास दिग्दर्शक फ्रान्सिस कोपोला आणि कुरोसावा ह्यांनी सन्तोरीच्या जाहिरातीत काम केलं होतं. 2003मध्ये त्याच कोपोलाच्या लेकीनं, सोफियानं, हा सिनेमा केला. पटकथेला ऑस्करही मिळालं. असो.

शेवटी गर्दीच्या रस्त्यात बॉब शार्लटच्या कानात काहीतरी पुटपुटतो. आपल्याला ऐकू येत नाही. पुढे काहींनी कॉम्प्युटरवर आवाज साफ करून ते शब्द उकरायचा उद्योग केला. मला त्यांचा राग येतो. दुसऱ्याचं पत्र वाफेवर उघडणारी माणसं!

लग्नानंतर मीही शार्लटसारखी नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी ड्युसेलडॉर्फच्या हॉटेलात राहिले. दिवसभर करायचं काय? नाणी टाकून चालणाऱ्या लाँड्रीत जाऊन बसायचे. एकदा माझं नाणं अडकलं. शेजारच्या बाईनं मशीनला असा गुद्दा हाणला की ते सुरूच झालं. मग तिनं न बोलता आपल्या भल्यामोठ्या चादरीचं एक टोक माझ्यापुढे धरलं. मागे सरलो, चादर ताणली, झटकली, जवळ आलो, पुन्हा मागे. ती तुर्की असावी. नाव विचारायचं सुचलंच नाही. पण पुढे कितीतरी दिवस मी त्याच वेळेला तिथे जात होते, धुवायला कपडे नसले तरी.

पुण्याच्या गौरी शिंदेंचा ‘इंग्लिश विंग्लिश’ 2012मध्ये आला तेव्हा ती बाई पुन्हा आठवली. त्यात इंग्रजीच्या वर्गातला लोराँ फ्रेंचमध्ये बोलतो, नायिका शशी गोडबोले हिंदीत, आणि दोघांचं छान चाललेलं असतं. घरी मात्र बिचारीला ह्यांच्या-त्यांच्यासाठी लाडूच वळायचे. तिनं नवऱ्याला, सतीशला, इतक्या स्वस्तात माफी द्यायला नको होती. माझा नवरा दरवेळी सतीशची बाजू घेतो, मी लोराँची. त्यावरून आमचं अजून भांडण होतं, आणि ते चांगलं जेवणापर्यंत टिकतं.