तात्यांची नदी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सातारा भागात घरोघर पोरे किल्ले करतात. अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटा रचायच्या, वर ओले पोते टाकायचे, त्यावर चिखल लिंपायचा, मोहरी नाही तर हळीव पेरायचे आणि कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. सिंहासनावरच्या महाराजांपेक्षा दारावरचा पहारेकरी बहुधा उंच निघतो; पण त्याला इलाज नाही, कुंभाराचा साचाच तसा!

आमच्या किल्ल्याला एक गोष्ट अशी असे की, जी आळीतल्या दुसऱ्या कुणाच्या किल्ल्याला नसे. पायथ्याशी नदी असे. ती माझे वडील, म्हणजे तात्या, स्वतःच्या हाताने करीत. हातभर रुंद चर खणायचा, त्यात खताच्या पिशवीचा कागद अंथरायचा, कडेने वाळू पसरायची आणि वरून दोन घागरी पाणी ओतायचे. कुणी विचारले, "तात्या, ही कृष्णा का वेण्णा?" तर ते म्हणायचे, "कृष्णा कसली? ही ब्रह्मपुत्रा!"

पणत्या लागल्या की तात्या त्या नदीच्या काठी उकिडवे बसत आणि गोष्ट सांगत. दरवर्षी तीच गोष्ट. १९७१ चा डिसेंबर. तात्या तेव्हा बावीस वर्षांचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती त्यांची. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये ही पलटण उत्तरेकडून पूर्व पाकिस्तानात उतरली होती. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे जमालपूर. तेथे शत्रूची बलुच पलटण पक्की ठाणे करून बसलेली. समोरून धडका मारण्याऐवजी मराठ्यांनी नदी ओलांडली आणि जमालपूरच्या मागचा, दक्षिणेकडचा रस्ता अडवून धरला. तात्यांच्या डोक्यावर मॉर्टरच्या गोळ्यांचे ओझे होते. "पाणी आसं गार," ते म्हणत, "की गुडघ्याखाली पाय हाय का न्हाई, ते हातानं चाचपून बघावं लागायचं."

मग पत्राची हकिगत. ब्रिगेडियरसाहेबांनी एका म्हाताऱ्या गावकऱ्याबरोबर जमालपुरात चिठ्ठी धाडली: तुम्ही वेढले गेला आहात, शस्त्रे ठेवा. म्हातारा परत आला तो उत्तर घेऊन. उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली! ही हकिगत पुढे मी छापील पुस्तकांतून वाचली. पण तात्या ती सांगत तेव्हा कागदाची पुडी उलगडल्यासारखी बोटे करीत, आणि आम्ही पोरे त्यांच्या रिकाम्या तळहातात वाकून बघत असू.

१० डिसेंबरच्या रात्री जमालपूरची फौज बाहेर पडायला निघाली, ती नेमकी मराठ्यांच्या मोर्चांवर आली. त्या रात्रीबद्दल तात्या फार बोलत नसत. "रात्र लई मोठी झाली" एवढेच म्हणत आणि एकदम सकाळवर येत. सकाळी जमालपूर पडले. त्याच दिवशी टांगाईलकडे आकाशातून छत्रीधारी उतरले, पुंगलीच्या पुलावर त्यांची नि मराठ्यांची गाठ पडली, आणि १६ डिसेंबरला ढाका. ढाक्यापर्यंत गोष्ट येईतो नदीतले पाणी कागदाच्या भोकातून निम्मे मुरलेले असे.

आता मेडलाकडे येतो.

आमचा मुलूख फौजीचा. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे, त्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलुखात माणसाच्या छातीवर काय लागले आहे हे पोरासोरांनाही वाचता येते. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला निवृत्त फौजींसाठी पुढे खुर्च्या मांडीत. मेडले लावून येणारे त्यांवर बसत. तात्यांजवळ एकच मेडल होते, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हाचे, १९७२ चे. ते त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळालेले. तात्या ते लावीत नसत आणि खुर्चीवरही बसत नसत. कुंपणाच्या कडेला लिंबाखाली उभे राहून सलामी देत आणि खडीसाखर न घेता शेताकडे जात.

१९९३ साली मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी खुर्चीवरच्या एका पेन्शनरांनी चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत हिशेब सांगितला: एकाहत्तरला जो पूर्वेच्या आघाडीवर होता त्याला पूर्वी स्टार, जो पश्चिमेला होता त्याला पश्चिमी स्टार आणि त्या वेळी जो जो फौजेत होता त्याला संग्राम मेडल. "ज्याच्याजवळ ह्यातलं काईच न्हाई," ते म्हणाले, "त्यो गडी कुठं हुता ते त्यालाच ठावं!" त्यांनी नाव घेतले नव्हते. पण माझे कान तापले.

दिवाळी आली. किल्ला झाला, नदी झाली. पाच-सहा पोरे भोवती बसली. तात्यांनी डोक्यावर ओझे घेतल्यासारखे हात वर नेले आणि मी म्हणालो, "तात्या, तुम्ही खरंच गेला होता का लढाईला? मग स्टार कुठंय?"

तात्यांचे हात तसेच वर राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, धोतराला पुसले आणि म्हणाले, "पाण्यात पणती पडंल, उचल." एवढेच.

पुढच्या वर्षी त्यांनी किल्ला केला, नदी केली नाही. मीही मागितली नाही. नंतर मी मोठा झालो, मास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी एकीत एक फौजी आहे आणि त्याला मी चांगली तीन मेडले दिली आहेत. कादंबरीकाराला मेडल द्यायला काय लागते? तात्यांनी ती वाचली. "चांगली हाय," म्हणाले.

२०२१ च्या पावसाळ्यात तात्या गेले. दिवसकार्य उरकल्यावर आईने त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर होता. रंग उडाला होता, आकडे नव्हते उडाले. आत एक कांबळे, पलटणीतला फोटो, ते बहात्तर सालचे मेडल, डिस्चार्ज बुक आणि तळाला एक लिफाफा. डिस्चार्ज बुक मी जन्मात कधी उघडून पाहिले नव्हते. मेडलांचे पान काढले. शाईने लिहिले होते: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, पंचविसाव्या वर्धापनाचे मेडल. पुढे साहेबाची सही, शिक्का.

म्हणजे हे पुस्तक अठ्ठावीस वर्षे माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर होते. १९९३ च्या त्या रात्री तात्यांनी उठून ट्रंक उघडली असती तर माझे तोंड बंद व्हायला दोन मिनिटे लागली नसती. त्यांनी उघडली नाही.

लिफाफा बंद होता. वर तिकिटे लावलेली, पत्ता टंकलेला. आईला विचारून मी तो फोडला. आत अर्ज होता: मी अमुक अमुक, नंबर अमुक, मला माझी दोन मेडले अद्याप पोचलेली नाहीत, तरी कृपा करून पाठवावीत. खाली तारीख १८ नोव्हेंबर १९९३. दिवाळी नुकतीच संपली होती.

मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "साताऱ्याला जाऊन टाइप करून आणलं. तिकिटं लावली. मग सांजच्याला माघारी घिऊन आले. म्हनाले, पोराला पटवाया मेडल मागू का मी?"

बराच वेळ आम्ही दोघे त्या ट्रंकेशी बसून होतो. मी म्हणालो, आता ते नाहीत, आता मागवून काय करायचे? तात्यांनी मागितले नाही ते आपण का मागावे? मला हे फार समजूतदार बोलणे वाटले होते. आईने ते मोडीत काढले. "त्यांनी न्हाई मागितलं ते बरूबर हाय," ती म्हणाली. "शंका तू घेतलीस. तू मागव."

त्यानंतर पावणेतीन वर्षे लागली. कोणत्या टेबलावर कागद किती दिवस पडून होता हे सांगत बसत नाही. सरकारी कागदाशी गाठ पडलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही, आणि न पडलेल्याला सांगून खरे वाटत नाही. फौजी वारल्यावर त्याचे मेडल वारसाला मागता येते. पहिला हक्क पत्नीचा, म्हणून अर्ज आईच्या नावाने, अंगठा तिचा, अक्षर माझे. सोबत डिस्चार्ज बुकाची नक्कल, पेन्शनचा कागद, मृत्यूचा दाखला. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला आले: कागदपत्रांतील नावांत तफावत आहे, सबब खुलासा व्हावा.

तफावत खरीच होती. तात्या १९६८ साली बेळगावला भरती झाले तेव्हा त्यांनी घरात हाक मारतात तेच नाव सांगितले, आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'ए' जास्त पडला. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा. त्यावर पाळण्यातले नाव आणि आडनावात तो 'ए' नाही. फौजेच्या लेखी नोकरी केलेला माणूस एक आणि आमच्या घरात वारलेला माणूस दुसरा!

तेव्हा कोर्टाच्या आवारात एका वकिलाच्या टेबलापाशी उभे राहून शंभराच्या स्टँपवर मी प्रतिज्ञापत्र केले. मजकूर ठरावीक असतो. वकिलाने तो सवयीने भरभर वाचून दाखवला: वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझे वडील होत, त्यांनी सन १९७१ चे युद्धात पूर्व आघाडीवर सेवा केली, हे मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो. "करा सही," तो म्हणाला. मी रोज पोरांना दीडशे वह्या सह्या करून देणारा मास्तर; माझा हात अडखळला. वकिलाला वाटले, मजकुरात काही चूक आहे. "खरं आहे ना सगळं?" त्याने विचारले. मी म्हटले, "खरं आहे."

त्यावर चार महिन्यांनी आलेल्या पत्रात एक ओळ होती, ती मी आईला दोनदा वाचून दाखवली. सदर मेडले १९८७ साली संबंधिताच्या पत्त्यावर पाठविली होती. पत्ता न सापडल्याने परत आली.

पत्ता सापडणार कसा? वेण्णेवरचे कण्हेर धरण १९८६ साली पुरे झाले आणि आमचे जुने गाव पाण्याखाली गेले. घर, चावडी, पोस्ट, सगळेच. तात्या पेन्शन घ्यायला महिन्याच्या महिन्याला साताऱ्याला बँकेत जात. फौजेला नवा पत्ता कळवायचा असतो हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. तेव्हा यात कोणाला बोल लावावा? पोस्टमन बिचारा पाण्याच्या कडेपर्यंत आला असेल आणि परत गेला असेल. आई मात्र हसली. फार दिवसांनी हसली. "म्हंजे आलं हुतं," ती म्हणाली. "नदीनंच आडवलं म्हनायचं."

२०२४ च्या मे महिन्यात, भर उन्हात, रजिस्टर पुडके आले. आईच्या अंगठ्याचा ठसा घेऊन पोस्टमनने ते तिच्या ओंजळीत ठेवले. दोन लहान डब्या. स्टार मी समजत होतो त्यापेक्षा लहान होता. तळहातावर ठेवला तर बोटे सहज मिटतील एवढा. आईने तो पदराने पुसला, उलटा केला आणि मला म्हणाली, "नंबर वाच." मी चष्मा लावला. धातूवरची अक्षरे बारीक होती. मी पहिले तीन आकडे वाचले, तोवर उरलेले तिनेच म्हटले, न चुकता, पाढ्यासारखे. आईला अक्षर येत नाही. पण ते फौजेत होते तेव्हा प्रत्येक पत्रावर हा नंबर घालावा लागे, आणि पत्र लिहून देणाऱ्याला ती तो तोंडाने सांगत असे.

माझ्या मनात होते, स्टार फ्रेममध्ये घालून तात्यांच्या फोटोशेजारी लावावा. पंधरा ऑगस्टला शाळेत नेण्याचेही मनात आले होते, खोटे कशाला बोलू? आईने दोन्हींना नकार दिला. तिने डब्या ट्रंकेत ठेवल्या, त्या बहात्तर सालच्या मेडलाजवळ, आणि वर तो फोडलेला लिफाफा ठेवला. कांबळे पसरले. झाकण लावले.

मागच्या दिवाळीत माझी मुलगी आणि शेजारची पोरे अंगणात किल्ला करीत होती. आता मावळे प्लास्टरचे मिळतात, पण पहारेकरी अजूनही महाराजांपेक्षा उंचच. मी ओसरीवर वह्या तपाशीत बसलो होतो. आई काठी टेकत अंगणात गेली, किल्ल्याभोवती एक फेरी मारली आणि पायथ्याशी काठीने रेघ ओढून म्हणाली, "हितं नदी कर."

"किल्ल्याला नदी कशाला, आजी?" मुलगी म्हणाली.

"कर म्हंते तर. खताची पिशवी घे आतनं."

चर खणला, कागद अंथरला, पाणी पडले. पणत्या लागल्या. पोरे वाट बघत होती, आई माझ्याकडे बघत होती. मी वह्या मिटल्या, खाली उतरलो आणि नदीच्या काठी उकिडवा बसलो. मुलीने विचारले, "बाबा, हिचं नाव काय?"