नानीचा 'या अल्ला'

शाळेत व्याकरणाच्या तासाला केवलप्रयोगी अव्यये पाठ करावी लागत. हर्ष, शोक, आश्चर्य, प्रशंसा, तिरस्कार असे खाने पाडलेले आणि प्रत्येक खान्यात उद्गार बसवलेले. शोकाच्या खान्यात 'अरेरे', 'हाय हाय', 'आई गं', 'शिव शिव'. आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा निघणारा 'या अल्ला' मात्र कुठल्याच खान्यात नव्हता. गंमत अशी की प्रशंसेच्या खान्यातले 'शाबास' मूळचे फारसी 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. 'वाहवा'ही तिकडचीच. ही मंडळी केव्हाच घरची होऊन बसली होती. 'या अल्ला' ओसरीवरच राहिला.

आमचे घर शहापूरचे, आजोळ मुरबाडचे. सुट्टीत किन्हवली, सरळगाव करीत एसटीने आजोळी पोचलो की पहिला ऐकू येई तो नानीचा उद्गार. तिच्याकडे शब्द एकच, पण त्याचे किती प्रकार! उठता-बसता गुडघे दुखले की 'या'वर लांबवलेला. दूध उतू गेले की झटकन तोडलेला. आम्ही आंब्यावरून पडलो की वर चढत जाणारा, आणि हातपाय धड आहेत हे दिसल्यावर त्याच शब्दाचा सुस्कारा होई. कुणाच्या मौतीची खबर आली की 'या' गळून पडे. नुसता 'अल्ला', तोही जेमतेम ओठांतून. तेव्हा आम्ही खेळ थांबवायचो. कुणी सांगावे लागत नसे.

आणि हीच नानी विळीने बोट कापले की 'आई गं' म्हणायची. शेजारच्या कुणबी काकूंना आवणीच्या चिखलात काटा रुतला तरी तेच. दोघींच्या 'आई गं'त फरक करून दाखवा म्हटले असते तर व्याकरणाच्या मास्तरांनाही जमले नसते.

आमचे मोठे मामू नोकरीला भायखळ्याला. मुरबाडहून एसटीने कल्याण, पुढे लोकल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर कामावर पुन्हा जाऊ लागले तेव्हा त्यांनी टोपी खिशात ठेवली, हे सगळ्यांना दिसले. दुसरी गोष्ट दिसण्यातली नव्हती. डब्यात धक्का बसला, पाय चिरडला, तर तोंडातून काय निघते याची त्यांना धास्ती होती. टोपी काढता येते; कळ आल्यावर निघणारा शब्द कसा काढणार? पण माणूस काय शिकत नाही! मामू तेही शिकले. एकदा घरी दारात बोट चेमटले आणि ते 'आई गं' म्हणून ओरडले. नानीने हळद लावली. मग म्हणाली, "आईला हाक मारलीस, बरा केलास. पण अल्लाला का गाळलास?"

"सवय झाली, मां," मामू म्हणाले. नानी त्यावर काही बोलली नाही.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या बाजूने सांगणारे आले. घरी आलेल्या एका मौलानांनी बायकांना समजावले की 'आई गं' म्हणू नये, मुसीबतीत 'इन्ना लिल्लाही' म्हणावे. त्यांचे सांगणे चूक नव्हते; सूरे बकरात ते आलेलेच आहे, आणि नानी ते म्हणतही असे. पण पडद्याआडून ती एवढे बोलली, "मौलवीसाब, ठेच लागल्यावर आधी विचार करायचा का?" मौलाना हसले. भला माणूस होता.

फूफी हजहून आल्या तेव्हा त्यांनी इंडोनेशियाच्या बायकांच्या गोष्टी आणल्या. हाजींमध्ये सर्वांत मोठा जथा त्याच देशाचा. मिनाच्या गर्दीत शेजारणीच्या पायावर कुणाचा पाय पडला, ती म्हणाली, "अदुह!" फूफींना तर्जुमा लागला नाही. त्या बायका आश्चर्याने 'अस्तगा' म्हणत. तो 'अस्तगफिरुल्लाह'च, मलायी जिभेवर झिजून झिजून तेवढा उरलेला. 'या अंपुन' हाही त्यांचा रोजचा उद्गार. त्यातला 'अंपुन' म्हणजे माफी, आणि तो शब्द अरबी नाही, त्यांच्या मातीतला. भाषा त्यांची, आर्जव तेच. फूफी म्हणाल्या, "आपल्यासारखाच की!" त्या कितीतरी दिवस काही सांडले की 'अदुह' म्हणत आणि आम्ही हसायचो.

नानी २००४ च्या पावसाळ्यात गेली. जनाज्याआधी घर बायकांनी भरले होते. आपापल्या परीने सगळ्या पढत होत्या. शेजारच्या काकू शेतावरून तशाच आल्या, पोटऱ्यांना चिखल होता. उंबऱ्याशी थांबल्या, आत पाहिले, आणि त्यांच्या तोंडून निघाले, "या अल्ला, माझी बाय गेली!" 'या'वर लांबवलेला, नानीचा होता तसाच. चाळीस वर्षे एका कुंपणाला लागून राहिल्या होत्या दोघी.

मामूंनी त्यांना बसायला पाट दिला.