मिगच्या टाऊनशिपमधली पोरं

ओझरला मिगच्या टाऊनशिपमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला विमान दिसायच्या आधी आवाजावरून कळायचं. जमिनीवर इंजिनाची चाचणी चालू असली की एकाच पट्टीतली घरघर बराच वेळ ऐकू यायची. धावपट्टीवर आफ्टरबर्नर पेटला की मात्र खिडक्यांची तावदानं थरथरायची. वर्गात बाई हातातला खडू तसाच धरून थांबायच्या आणि आवाज ओसरला की वाक्य तुटलं होतं तिथून पुढं सुरू करायच्या.

नाशिकला हा कारखाना आला, त्यात यशवंतराव चव्हाणांचा मोठा वाटा. 1962 साली ते संरक्षणमंत्री झाले, पुढच्याच वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि 1964 पासून ओझरच्या माळावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विभाग उभा राहू लागला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. कांदा-द्राक्षांच्या पट्ट्यातली, आयटीआय करून आलेली पोरं ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं विमान बांधू लागली. मला याचं आजही नवल वाटतं. ती पोरं म्हणजे आमचे वडील.

विमानांवर जीव असणारे बहुतेक लोक वैमानिकांच्या गोष्टींनी वेडे झालेले असतात. आमच्या घरांतलं वेड वेगळं होतं, ते हातांचं होतं. खंडेनवमीला घरच्यांना शॉपमध्ये न्यायचे. तिथं अर्धवट जोडलेलं एक मिग उभं होतं, अंगावर रंग नाही, नुसता हिरवट-पिवळा प्रायमर. बाबांनी माझा हात धरून पंखाच्या पत्र्यावरून सावकाश फिरवला. रिव्हेटची रांग डोळ्यांना दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. मग त्यांनी एका जागी माझं बोट थांबवलं. तिथं अगदी किंचित, नखाच्या कडेला जाणवेल एवढा उंचवटा होता. "हा उद्या काढून परत मारायचा," ते म्हणाले. हल्ली मोठमोठ्या प्रदर्शनांत चकचकीत लढाऊ विमानं बघतो, तरी आधी हात पुढं होतो आणि मग दोरीपलीकडचा रखवालदार ओरडतो.

कारखान्याची शिस्त घरी यायचीच. टेबलफॅन उघडला आणि एक स्क्रू हातातून निसटला, तर तो सापडेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. विमानात विसरलेला एक नट इंजिन खाऊ शकतो, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. सायकलचं मडगार्ड, बादलीची कडी, सगळं लॉकवायरनं, म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून पिळून बांधायच्या तारेनं, बांधलेलं असायचं आणि पीळही कसा, सारख्या अंतराचा. हायड्रॉलिकचं एएमजी-10 नावाचं लाल तेल शर्टाला लागायचं. तो डाग काढण्यात आमच्या आयांच्या पिढीचे किती रविवार गेले असतील!

1971 च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं तेव्हा, खिडक्यांना काळे कागद लागले. बातम्यांच्या वेळी ज्यांच्याकडं रेडिओ असेल त्यांच्या ओट्यावर गर्दी व्हायची. 12 तारखेला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनींनी मिग-21 मधून पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं, तेही पोटाखाली बसवलेल्या तोफेनं. त्यांचं मिग टाइप 77 चं; त्याला स्वतःची तोफ नव्हतीच, ती नंतर खालून बांधली होती. 14 तारखेला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनी रॉकेटं सोडली आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. टाइप 77 म्हणजे ओझरला बनणारं विमान. आमच्या आळीत या बातम्यांना मिळालेला मान एखाद्याच्या मुलाचा बोर्डात नंबर यावा तसा होता. पेढेसुद्धा वाटले गेले.

पोरांचा अड्डा जानोरी गावाकडच्या कुंपणापाशी. मिग उतरताना बघायचं. पंखांचा पसारा सात मीटरांहून थोडासाच जास्त, त्यामुळं ते फार वेगात खाली यायचं. चाकं टेकली की शेपटाकडून पॅराशूट फुलायचं आणि विमान मागून कुणी धरल्यासारखं ओढलं जायचं. नाकातला शंकू वेगानुसार पुढं-मागं होतो, हे सांगून आम्ही नाशिकच्या मावसभावांवर भाव मारायचो.

मिगच्या अपघाताच्या बातमीचं मात्र घरात काही करता यायचं नाही. वडिलांचा पहिला प्रश्न असायचा, टाइप कुठला? आणि दुसरा, विमानाचा सी-च्या पुढचा नंबर काय? जेवण तसंच राहायचं. वर्तमानपत्रं 'उडती शवपेटी' लिहू लागली तेव्हा ही माणसं खरोखर दुखावली. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे विमान चूक माफ करत नाही आणि कमी वेगाच्या सरावी विमानावरून नव्या वैमानिकांना थेट यावर बसवता. मधल्या टप्प्याचं हॉक हे सरावी विमान हवाई दलाला 2008 साली मिळालं, तेव्हा ते बरोबर होते असंच म्हणावं लागेल. पण सप्टेंबर 2001 मध्ये राजस्थानात मिगच्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ मुलाच्या नावासाठी आणि विमानांच्या सुरक्षेसाठी उभ्या राहिल्या. तेव्हा आमच्या टाऊनशिपमधलं कुणीही त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोललं नाही. ज्यांनी विमान बांधलं त्यांना त्या बाईंचा प्रश्न आपलाच वाटला होता.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. 1963 साली ते हवाई दलात आलं तेही चंदीगडलाच. आम्ही आता पुण्यात, पिंपळगावला, कुणी कॅनडात. सगळ्यांनी ते टीव्हीवर किंवा फोनवर पाहिलं, आणि पाण्याच्या फवाऱ्याखालून विमानं आली तेव्हा टाऊनशिपमधल्या शेजारच्या काकांनी हात जोडले.

तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरच्याच धावपट्टीवरून तिथं बांधलेलं पहिलं तेजस मार्क 1ए उडालं. काकांचा नातू आता त्याच कारखान्यात इंजिनिअर आहे. तो घरी आल्याबरोबर काकांनी विचारलं, "कातडं कशाचं रे?"

"बहुतेक सगळं कार्बन कंपोझिट, आजोबा."

"मग जोड हातानं कसा तपासता?"

नातवानं चप्पल काढून पाट ओढला आणि वहीत आकृती काढायला घेतली. काकांनी चष्मा मागवला.