फक्त लेफ्टला

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चकलीचा सोऱ्या आणि गाडीचे शॉकअप शेजारी शेजारी वाळत पडलेले असतात. सौ.ने त्यावर बोलणं आता सोडून दिलं आहे.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी ऑफ-रोड बग्गी. एक दशांश मापाची, मागच्या दोन चाकांच्या जोरावर पळणारी, वजन साधारण दीड किलो. मंडळात कोणी तिला खेळणं म्हटलं की आमचे चिरंजीव (वय 13) दुखावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. तिच्या शॉकअपमध्ये खरंखुरं सिलिकॉन तेल असतं, पिस्टनला भोकं असतात, स्प्रिंगा बदलता येतात. शॉकअपचं वरचं टोक कुठल्या भोकात अडकवलं यावरसुद्धा गाडीचा स्वभाव बदलतो. उभा लावला तर ती चटकन दाद देते, कलता लावला तर सुरुवातीला मऊ लागते. मी सॉफ्टवेअरवाला. पण वडिलांचं साताऱ्याला टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे हे सगळं आपल्या रक्तातच आहे अशी माझी समजूत.

इंग्लंडच्या पावसात मातीच्या ट्रॅकचा चिखल होतो, म्हणून इथे बऱ्याच ठिकाणी कृत्रिम गवताचे ट्रॅक असतात. आमचा क्लबही तसलाच. मार्चमधल्या एका रविवारी लेक म्हणाला, "बाबा, ती वळत नाही. लेफ्टला."

मी ऐकलं ते एवढंच, की ती वळत नाही.

मग काय, मी कामाला लागलो. पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की वळणापूर्वी वेग कमी करताना नाक खाली बसतं आणि पुढच्या चाकांना पकड मिळते. केल्या मऊ. शॉकअपचं तेल पातळ केलं. चाकांचा कल अर्ध्या अंशाने वाढवला. आणि हे सगळं एकाच शनिवारी, म्हणजे कशाने काय झालं हे कळायची सोयच ठेवली नाही. वही मात्र ठेवली, रंगीत पेनांनी. गाडी वळू लागली, ती इतकी, की उजव्या वळणावर शेपूट फिरून तोंड आलं त्या दिशेला. "तू थ्रॉटल लवकर देतोस," मी म्हणालो. पुढच्या रविवारी पुन्हा म्हणालो. त्याच्या पुढच्याही.

जूनमध्ये त्याला रविवारचा अभ्यास निघू लागला. गाडी गराजमध्ये फडताळावर गेली. मला वाटलं, वय आहे. खरं सांगायचं तर रागही आला. स्प्रिंगांचे पैसे मी मोजले होते.

अशाच एका रविवारी सकाळी आबांचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला म्हणाले, "आज घरी कसा? गाडी काय म्हणतीय?"

"आबा, गाडी लेफ्टला जात नाय. फक्त लेफ्टला."

"डावीकडंच? उजवीकडं जाती?"

"राइटला खूप जाते."

"मग उजव्या अंगाला काय तरी अडतंय बघ. डावीकडं वळताना भार तिकडंच येतो की. शॉकअप सोडव आन् आर्म हातानं उचलून सोडून दे. आपला आपण खाली पडला पायजे."

मी तिथेच चहा घेत बसलो होतो. मला कोणी काही विचारलं नाही. लेक फोन घेऊन गराजमध्ये गेला, मी मागोमाग. त्याने पुढचे दोन्ही शॉकअप सोडवले. डावा आर्म टपकन पडला. उजवा अर्ध्यावरच थांबला.

आर्म ज्या पिनेवर हलतो ती पिन बाहेर काढून आम्ही ओट्याच्या दगडावर घरंगळवली. ती लंगडत गेली. फेब्रुवारीत गाडी कडेच्या खांबावर आदळली होती, तेव्हाच वाकली असणार. रात्री मी माझी वही काढली. पंधरा नोंदी होत्या. 'लेफ्ट' हा शब्द एकाही नोंदीत नव्हता.

नवी पिन बसवली, सोबत आलेल्या मूळच्या स्प्रिंगा परत घातल्या. तेल त्याने स्वतः भरलं: पिस्टन सावकाश वरखाली, मग शॉकअप उभा ठेवून द्यायचा. मी टोपण लावायला गेलो तर म्हणाला, "थांब, बुडबुडे अजून येतायत." नंतर एकेक कानाजवळ धरून दाबून पाहिला. आत पचपच वाजलं तर हवा राहिलीये, हे त्याला कोणी शिकवलं मला माहीत नाही.

पुढच्या शर्यतीत तो अकरा जणांत नववा आला. डावी वळणं सगळी छान घेतली. उजव्या एका वळणावर मात्र गाडी गर्रकन फिरली. मी काही बोललो नाही. मचाणावरून उतरून तो माझ्याजवळ आला.

"बाबा, थ्रॉटल लवकर दिला मी. आबांना नको सांगूस."