मधली खुर्ची

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ४० किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान. गुरूने गुप्त राखावयास सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुकोष्टियूरच्या देवळावर चढून साऱ्यांना ऐकवला, अशी आख्यायिका आहे. १९९१ च्या २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या येथेच झाली, आणि उरलेल्या भारताला ह्या गावाचे नाव ठाऊक झाले. पुढच्या तीन दशकांत गावाभोवती मोटारींचे, काचेचे, मोबाइल फोनचे, शीतकपाटांचे कारखाने उभे राहिले. आता येथला दिवस देवळातल्या घंटेने उजाडतो तसाच कामगारांना घेऊन येणाऱ्या बसगाड्यांच्या रांगेनेही उजाडतो.

ह्या वसाहतीत आणखी एक माणूस वावरतो, जो कारखान्याचाही नव्हे आणि युनियनचाही नव्हे. तो राज्य सरकारच्या कामगार खात्याचा असतो. त्याच्या पदाचे नाव समेट अधिकारी. मालक आणि कामगार यांच्यात तंटा उभा राहिला की दोघांना समोरासमोर बसवणे आणि समेटाची वाट शोधणे, एवढेच त्याचे काम.

‘एवढेच’ हा शब्द मात्र फसवा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ह्या अधिकाऱ्याला माणसे बोलावण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार दिला. निवाडा करण्याचा दिला नाही. कामगार न्यायालय निकाल देते, लवाद निर्णय देतो. समेट अधिकारी काहीच देत नाही. तो पुढची तारीख देतो. दोन्ही पक्ष एका खोलीत बसावयास तयार नसले तर एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर बसवतो. एकाचे म्हणणे दुसऱ्याकडे नेताना त्यातला अपमान गाळतो आणि आशय तेवढा पोहोचवतो. इतिवृत्त लिहिताना ‘मान्य’ आणि ‘विचाराधीन’ ह्या दोन शब्दांमधल्या अंतरावर त्याची अख्खी दुपार खर्ची पडते. समेट झाला तर करारावर सह्या दोन्ही पक्षांच्या होतात, श्रेयही त्यांचेच असते. तो फसला तर तसा अहवाल सरकारला पाठवावा लागतो, आणि तो अहवाल मात्र एकट्या त्याच्या सहीचा असतो.

ही मधली खुर्ची हिंदुस्थानात मांडली गेली ती भांडणे विकोपाला गेल्यावर. १९१८ च्या एप्रिलमध्ये बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील तंट्यात मालक कंपनी न्यायालयात गेली आणि तिने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. संघटना बांधणे हाच जणू अपराध ठरला. ह्या प्रकाराने अस्वस्थ होऊन मुंबईच्या नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा कामगार संघटना कायदा आला. मद्रासच्या जखमेवर एका मराठी माणसाने औषध मागितले, असे म्हणावयास हरकत नाही.

सरकारी खुर्चीची गोष्ट मुंबईची. १९२८ च्या सार्वत्रिक संपाने गिरणगाव सहा महिने थंड पडले होते. पुढे १९३४ मध्ये मुंबई सरकारने तंट्यांच्या समेटाचा कायदा केला आणि सरकारी कामगार अधिकारी नेमला. कामगारांची गाऱ्हाणी त्याने मांडावी, ही योजना. तिच्याबद्दलचा संशयही तितकाच जुना आहे. लाल बावट्याला गिरणीच्या फाटकाबाहेर ठेवण्यासाठीच ही नेमणूक झाली, असा आरोप त्या वेळी झाला. म्हणजे जन्मापासूनच ह्या खुर्चीवर बसणाऱ्याला एक प्रश्न चिकटला: तुम्ही नेमके कोणाचे?

श्रीपेरुंबुदूरमध्ये तो प्रश्न २०२४ साली पुन्हा उभा राहिला. जवळच्या सुंगुवारछत्रम येथे सॅमसंगचा कारखाना आहे. तेथे शीतकपाटे, धुलाईयंत्रे आणि दूरचित्रवाणी संच तयार होतात. ९ सप्टेंबरला तेथील हजाराहून अधिक कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, कामाच्या तासांचा प्रश्न होता. पण तंट्याचे मूळ एका नावात होते. सीटूच्या पाठिंब्याने बांधलेल्या संघटनेने नोंदणीसाठी अर्ज केला होता आणि तिच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द होता. त्याला कंपनीने हरकत घेतली. ज्या नावाचा शिक्का आपण रोज हजारो वस्तूंवर उमटवतो, ते आपल्या संघटनेला का लावू नये, असा कामगारांचा सवाल होता. नाव ही आपली मालमत्ता आहे, अशी कंपनीची भूमिका होती.

अशा वेळी समेट अधिकाऱ्यापुढचा पेच पगाराच्या आकड्यांहून अवघड असतो. आकडे अर्ध्यावर आणता येतात. नाव अर्धे करता येत नाही. शिवाय जी संघटना नोंदलेलीच नाही तिला टेबलाशी कोणत्या नात्याने बसवावे? नोंदणीचा अर्ज पडून असतो सरकारच्याच दुसऱ्या दालनात. परदेशी भांडवलाला आमंत्रण देणारेही तेच सरकार, आणि रस्त्यावरच्या संपकऱ्यांना ताब्यात घेणारे पोलीसही त्याचेच. एका हाताने मंडप हटवावा आणि दुसऱ्या हाताने खुर्ची पुढे करावी, अशी ही अवस्था. मंत्री चर्चेत उतरले. ७ ऑक्टोबरला कामगारांच्या एका गटाशी करार झाल्याचे जाहीर झाले, संपकरी संघटनेने तो नाकारला. अखेर १५ ऑक्टोबरला, ३७ दिवसांनी, संप मागे घेण्यात आला. कामगारांनी कामावर परतावे, संपाबद्दल कोणावर सूड उगवू नये, आणि मागणीपत्राला कंपनीने समेट अधिकाऱ्यापुढे लेखी उत्तर द्यावे, असे ठरले.

एका लेखी उत्तराच्या हमीसाठी ३७ दिवस, हा हिशेब कोणालाही तोट्याचा वाटेल. परंतु जो पक्ष समोरच्याचे अस्तित्वच मानीत नाही, त्याने उत्तर लिहावयास घेणे ही मान्यतेची पहिली पायरी असते. उच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची नोंदणी झाली, हव्या त्या नावाने. फेब्रुवारीत निलंबनांवरून पुन्हा तंटा पेटला; मे महिन्यात वेतनकरार झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ आणि १९४७ चे कायदे इतिहासजमा झाले. त्यांची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. मधली खुर्ची राहिली, पण तिचे वजन बदलले. समेटाची बोलणी चालू असताना संप करावयाचा नाही, हे बंधन पूर्वी मुख्यत्वे सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते. आता ते सर्व उद्योगांना लागू आहे. अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कामगाराचा हात कायद्याने बांधला जातो. ज्याच्याकडे निकाल देण्याचा अधिकार नव्हता आणि आजही नाही, त्याचे नुसते बसणेच आता एका पक्षाला महाग पडू शकते. म्हणून त्याने दिलेली प्रत्येक पुढची तारीख पूर्वीपेक्षा अधिक जोखमीची झाली आहे.

त्या तारखांना उत्तर देणारी माणसे पुष्कळदा खोलीत नसतातच. दोन पक्षांनी खाजगीत केलेला करार त्या दोघांपुरता असतो. समेटाच्या कामकाजात झालेला करार मात्र कारखान्यातल्या प्रत्येकाला बांधतो. जो बैठकीला नव्हता त्यालाही, आणि जो अजून नोकरीला लागावयाचा आहे त्यालाही. उद्या पहाटेच्या बसमधून एखादा तरुण पहिल्यांदाच श्रीपेरुंबुदूरला उतरेल. आपला पगार आणि पाळी कोणत्या दुपारी, कोणत्या शब्दावर अडून ठरली हे त्याला ठाऊक नसेल. समेट अधिकारी कोणाचा, ह्या जुन्या प्रश्नाला काही उत्तर असेल तर ते हेच, की तो त्या तरुणाचा असला पाहिजे.