पहिल्या पानाची हमी देणाऱ्या एसईओस

एसईओ यांस,


येवल्यात कुणी पैठणीचं ऑनलाइन दुकान उघडलं की तुमचा एखादा दूत दारात येतो. ‘महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर आणतो,’ ही त्याची बोली. पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाही देता येत नाही, असं गूगलनंच लिहून ठेवलंय. तरी तुमच्या, म्हणजे ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’च्या, नावावर हमी खपते, म्हणून पत्र थेट तुम्हालाच.

तुमचा इतिहास बरा नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत, असं धरून शोधयंत्र बांधलं. तुम्ही लगेच मतं विकत घ्यायला लागलात. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सनं जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं बिंग फोडलं. त्याआधी ऐन सणासुदीत ‘ड्रेसेस’, ‘बेडिंग’ अशा शब्दांना ती सर्वांत वर होती आणि त्यामागे भलत्याच विषयांच्या साइटवर पेरलेल्या लिंका होत्या. गूगलनं तिला खाली ढकललं. कंपनीनं ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणत एसईओ संस्थेला काढून टाकलं. तेवढी मोठी कंपनी सावरते. चार मागांचा धनी कशाच्या जोरावर सावरेल?

आता दुकानदाराचीही चूक सांगतो. गादीवर बसला की हा माणूस काय काय सांगतो! हा बांगडी मोर, ही आसावली, ही मुनिया, हा नारळी काठ. पदर उलटून बघा. हातमागाची असेल तर मागची बाजूही साफ, यंत्रमागाची असेल तर धागे लोंबताना दिसतील. रेशीम बेंगळुरूचं, जर सुरतेची. आणि साइटवर तोच लिहितो, ‘ब्युटिफुल सिल्क साडी, बेस्ट क्वालिटी’. नाहीतर घाऊक व्यापाऱ्याचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतो. तोच मजकूर पन्नास दुकानांत असला तर गूगल त्यातलं एखादंच दाखवणार, आणि ते बहुधा येवल्याचं नसणार. उरलेली माहिती फोटोवरच छापलेली. व्हॉट्सॲपला ते चालतं, शोधयंत्राला मात्र वाचायला मजकूर लागतो. गिऱ्हाईक तर रोमन अक्षरांत ‘ओरिजिनल पैठणी कशी ओळखायची’ असं विचारत असतं. उत्तर दुकानदाराला तोंडपाठ आहे, साइटवर कुठेच नाही.

हातमागाच्या मालाची एक खास अडचण तुमच्या दूतांच्या कधी लक्षात येत नाही. नग एकच असतो. विकला गेला की दुकानदार पान पुसून टाकतो आणि कुणी आवडीनं त्या पानाला दिलेली लिंकही वाया जाते. त्यापेक्षा ‘बांगडी मोर पैठणी’ असं एक पान कायमचं ठेवावं, त्याचा पत्ता दरवर्षी बदलू नये. विकलेल्या नगाच्या पानावर ‘विकली गेली’ असं लिहून खाली तशाच साड्या दाखवाव्यात, किंवा जुना पत्ता त्या कायमच्या पानाकडे वळवावा. रंग, काठ, किंमत अशा फिल्टरांमुळे साठ साड्यांचे हजारो पत्ते तयार होतात. त्यांतले कुठले गूगलनं धरायचे हे ठरवून द्यावं. फोटो हलके करावेत. किंमत आणि साठा यंत्राला कळेल अशा रचनेत द्यावा. हे खरं तर तुमचंच काम, पण बिलात ते क्वचित दिसतं. तिथे असतं ‘कीवर्ड भरणे’. पानाच्या कोडमधला कीवर्डांचा मेटा टॅग क्रमवारीसाठी बघत नाही, असं गूगलनं २००९ सालीच सांगितलंय. पैसे कशाचे घेता मग?

आणि महिन्याभराची ती बोली बंद करा. गूगलच्याच माणसांच्या सांगण्यानुसार फरक दिसायला बहुधा चार महिने ते वर्ष लागतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, म्हणजे आषाढातच कामाला लागायला हवं.

पुढच्या वेळी दूत पाठवाल तेव्हा त्याला दोन दिवस दुकानात बसवा. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेऊ दे. शोधात साइट कशी दिसते याचे आकडे देणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलचं खातं दुकानदाराच्या ईमेलवर उघडू दे, स्वतःच्या नाही. काम सोडून गेलात तर निदान आकडे तरी त्याच्याकडे राहतील.

कळावे,
एक गिऱ्हाईक