मधला आडपडदा

विनोदी नट स्वतःसाठी लिहायला लागला की पहिलं नुकसान त्याच्यातल्या लेखकाचं होतं. आपल्या कुठल्या जागा हमखास हशा घेतात, हे नटाला पाठ असतं. भुवई कुठं उडवायची, कुठं थांबायचं, कुठलं वाक्य गिळायचं, सगळं ठरलेलं. मग लेखक प्रसंग लिहीत नाही, त्या जागा पुरवत बसतो. आणि नट नावाजलेला असेल, तर पहिल्या वाचनाला ‘हे पडतंय’ असं त्याच्या तोंडावर सांगणार कोण? सगळे हसतात. खरं काय ते प्रेक्षकांसमोर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. टीव्हीसाठी स्किट लिहिणं आणि ती बसवणं हा माझा धंदा असल्यानं ही अडचण मी जवळून पाहिली आहे. तिच्यावर सर्वांत चोख उपाय काढला तो रॉनी बार्कर या इंग्रज नटानं.

आपल्याकडं मिस्टर बीन घरोघरी पोचला, ‘फॉल्टी टॉवर्स’चे चाहते आहेत, ‘येस मिनिस्टर’ तर अनेकांना तोंडपाठ आहे. बार्कर मात्र फारसा पोचला नाही. त्याचा बराचसा विनोद इंग्रजी उच्चारांच्या आणि बोलींच्या पोटात दडलेला आहे, हे त्याचं एक कारण. ब्रिटनमध्ये मात्र सत्तरच्या दशकात शनिवारी रात्री दीड कोटीहून अधिक माणसं त्याला बघायला टीव्हीसमोर बसायची.

बार्करचा जन्म १९२९ सालचा, बेडफर्डचा, वाढला ऑक्सफर्डमध्ये. थोडे दिवस वास्तुशास्त्र शिकून त्यानं ते सोडलं आणि बँकेत कारकून झाला. १९४८ साली ॲल्सबरीच्या रेपर्टरी नाटक कंपनीत शिरला. त्या काळच्या इंग्लंडमधली रेपर्टरी म्हणजे नटांचा कारखानाच. संध्याकाळी या आठवड्याचं नाटक करायचं आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. आज पाद्री, उद्या चोर, परवा ऐंशी वर्षांचा म्हातारा. एवढ्या भूमिका इतक्या घाईनं केल्या की स्वतःच्या लकबींवर भागत नाही. दर आठवड्याला नवा माणूस शोधावाच लागतो. मधल्या काळात तो एका मूकनाट्य कंपनीबरोबर हिंडला. ती कंपनी कॉर्नवॉलच्या टोकाला, पेन्झान्समध्ये बुडाली. याच काळात ऑक्सफर्डच्या एका इस्पितळात त्यानं हमालाचं काम केलं. तिथले पोलिओचे रुग्ण त्याला बघवत नसत. मग त्यानं ‘चार्ली’ नावाचा एक माणूस मनाशी उभा केला आणि वॉर्डात तो चार्ली म्हणून वावरू लागला. स्वतः होऊन जे झेपत नाही ते दुसऱ्या कुणाचं रूप घेतलं की झेपतं, ही गोष्ट त्याला रंगमंचाच्या बाहेर कळली. पुढचं सगळं आयुष्य त्यानं याच गोष्टीवर उभं केलं.

ऑक्सफर्ड प्लेहाउसमधून तो पीटर हॉल या दिग्दर्शकाबरोबर लंडनला आला, रेडिओवर ‘द नेव्ही लार्क’मध्ये आवाज बदलून बदलून बोलला, आणि १९६६ साली ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’मध्ये दिसला. त्यातलं समाजाच्या उतरंडीवरचं स्किट आजही दाखवलं जातं. उंचीच्या क्रमानं तिघं ओळीत उभे: ताडमाड जॉन क्लीज उच्चवर्गीय, मधला बार्कर मध्यमवर्गीय आणि जेमतेम पाच फुटांचा रॉनी कॉर्बेट कामगार. संहिता मार्टी फेल्डमन आणि जॉन लॉ यांची. वर बघून मान तुकवायची आणि खाली बघून नाक मुरडायचं, एवढंच बार्करला करायचं होतं. सगळा वर्गभेद त्याच्या मानेत मावला होता.

माझ्या विषयाची खरी सुरुवात दोन वर्षांनी होते. १९६८ साली लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर ‘फ्रॉस्ट ऑन संडे’ सुरू झालं. त्यासाठी जेराल्ड वायली नावाच्या कुणा लेखकाची स्किट येऊ लागली. ती बार्करच्याच एजंटमार्फत येत. लेखक भिडस्त आहे, कुणाला भेटत नाही, असं सांगितलं जाई. स्किट चांगली होती. कंपूत तर्क सुरू झाले. कुणी म्हणे टॉम स्टॉपर्ड, कुणी म्हणे फ्रँक म्यूर. वायलीचं एखादं पान तालमीत वाचताना बार्कर स्वतःच त्याला नावं ठेवी. कॉर्बेटला डॉक्टरच्या दवाखान्यातल्या प्रतीक्षागृहाचं एक स्किट इतकं आवडलं की ते विकत घ्यावं असं त्याच्या मनात आलं. वायलीनं एजंटकरवी तीन हजार पौंड मागितले. कॉर्बेट हबकला. मग वायलीनं दिलदारपणे ते फुकट देऊन टाकलं. शेवटी वायलीनं सगळ्यांना एका चिनी रेस्तराँमध्ये जेवायला बोलावलं. मंडळी जमली, आणि बार्कर उठून म्हणाला, वायली तो मीच. प्रथम कुणाचा विश्वासच बसेना.

किस्सा म्हणून हे सांगतात आणि हसतात. मला त्यातली कामाची शिस्त महत्त्वाची वाटते. टोपणनाव आपल्याला नवं नाही. गडकऱ्यांनी विनोदी लेख ‘बाळकराम’ होऊन लिहिले, अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ ‘केशवकुमार’ होऊन लिहिली. पण आत कोण आहे हे वाचकांपासून फार काळ लपून राहिलेलं नव्हतं. तो वाचकांशी मांडलेला खेळ होता. बार्करनं नाव लपवलं ते सहकाऱ्यांपासून, म्हणजे ज्यांच्या होकारावर स्किट उभं राहणार किंवा पडणार त्यांच्यापासून. कार्यक्रमातला मोठा नट म्हणून आपलं लेखन कुणी भिडेखातर घेऊ नये, ते स्वतःच्या बळावर निवडलं जावं किंवा परत यावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्यातला लेखक आणि त्याच्यातला नट यांच्यामध्ये त्यानं मुद्दाम आडपडदा टांगला. पडद्याआडचा लेखक नटाचे लाड करू शकत नव्हता, कारण तो तिथं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

गुपित फुटल्यावरही वायली लिहीत राहिला. बाफ्टा पारितोषिकांच्या एका समारंभात यंत्रणा बंद पडली आणि बार्कर-कॉर्बेट जोडीनं वेळ मारून नेत सभागृह हसवत ठेवलं. प्रेक्षकांत बीबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख बिल कॉटन होते. त्यातून १९७१ साली ‘द टू रॉनीज’ जन्मला आणि १९८७पर्यंत चालला. त्यात कॉर्बेट खुर्चीत बसून प्रेक्षकांशी स्वतः म्हणून गप्पा मारायचा. आठवण सांगता सांगता भरकटायचा आणि परत मूळ गोष्टीवर यायचा. बार्कर असं कधी बसला नाही. त्याचा एकट्याचा भाग असे तो कुठल्या तरी खात्याच्या किंवा संस्थेच्या प्रवक्त्याचा. चष्मा, फाइल, गंभीर चेहरा, आणि तोंडातून शब्द मात्र सगळे वेडेवाकडे. स्वतः होऊन दोन वाक्यं बोलायलाही त्याला संकोच वाटे. प्रवक्ता झाला की तो पाच मिनिटं एकही अक्षर न चुकता चुकीचं बोलू शके.

याच कार्यक्रमात १९७६ साली वायलीचं सर्वांत गाजलेलं स्किट आलं. एका खऱ्या हार्डवेअरच्या दुकानातल्या किश्श्यांवरून ते सुचलं होतं. कामगार वेशातला एक गिऱ्हाईक यादी घेऊन दुकानात येतो. तो ‘फोर कँडल्स’ मागतो. दुकानदार चार मेणबत्त्या काढून देतो. गिऱ्हाइकाला हवे असतात ‘फोर्क हँडल्स’, बागकामाच्या काट्यांचे दांडे. त्याच्या बोलीत सुरुवातीचा ‘ह’ उच्चारतच नाहीत. अशीच पुढं सगळी यादी. अशा शब्दांची यादी कुणीही भाषेचा शौकीन एका दुपारी करील. मी हे स्किट नव्या लेखकांना दाखवतो ते वाटणीसाठी. गिऱ्हाईक बार्कर. तो थट्टा करत नाही, आपल्या बोलण्याचे दोन अर्थ होतात हेही त्याच्या गावी नाही. दगडासारखा उभा राहतो आणि पुढची वस्तू मागतो. दुकानदार कॉर्बेट. दर मागणीला तो आत जातो, खोकी उपसतो, परत येतो, आणि चुकीची वस्तू आणली हे कळल्यावर त्याचा पारा एकेक पायरी चढतो. शब्दांनी पेच पाडला, पण हशा कॉर्बेटच्या फेऱ्यांत आणि चेहऱ्यात आहे. लेखक बार्कर, मोठा नट बार्कर, आणि हशाच्या बहुतेक जागा मात्र कॉर्बेटच्या पदरात! स्वतःच्या लेखणीतून आलेला हशा दुसऱ्याच्या हाती देणारे नट मी फार थोडे पाहिले आहेत. या स्किटचं हस्तलिखित २००७ साली ४८,५०० पौंडांना विकलं गेलं. त्याआधी एक वर्ष वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये बार्करची स्मृतिसभा झाली, तेव्हा क्रुसाबरोबर नेहमीच्या दोनांऐवजी चार मेणबत्त्या नेल्या होत्या. चर्चनंही पंच घेतला.

शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या या माणसानं जवळजवळ शब्दांविना चालणारे चित्रपटही लिहिले: १९७० साली ‘फटॉक्स एंड’, नंतर ‘द पिकनिक’ आणि ‘बाय द सी’. त्यात पात्रं हुंकारतात, पुटपुटतात, पण धड वाक्य कुणी बोलत नाही. पेन्झान्सला बुडालेली ती मूकनाट्य कंपनी अशी कामी आली. लेखक म्हणून त्यानं स्वतःचं हुकमी हत्यार काढून ठेवलं आणि बघितलं, काय उरतं.

दुसऱ्यांच्या लेखनाशी तो कसा वागला, यावरूनही त्याच्यातला लेखक कळतो. १९७३ साली ‘सेव्हन ऑफ वन’ या मालिकेत त्यानं सात वेगवेगळ्या कथानकांचे एकेक भाग केले. त्यातल्या एकाचा लेखक ‘जॅक गेट्झ’, म्हणजे पुन्हा तोच. पण पुढं त्याला घेऊन मालिका झाल्या त्या दोन, आणि दोन्ही इतरांनी लिहिलेल्या. एक डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने यांची ‘पॉरिज’, दुसरी रॉय क्लार्कची ‘ओपन ऑल आवर्स’. स्वतःचा भाग मागे पडला म्हणून त्यानं हात आखडता घेतला नाही.

‘पॉरिज’ स्लेड नावाच्या तुरुंगात घडते. नॉर्मन स्टॅनली फ्लेचर हा सराईत कैदी पाच वर्षांची शिक्षा भोगतोय. पळून जाण्याची स्वप्नं त्याला पडत नाहीत. अननसाचा एक डबा लांबवणं, मॅके या करड्या शिपायाला एका वाक्यानं गार करणं, असे दिवसाचे बारीकसारीक विजय त्याला पुरतात. ‘अ नाइट इन’ हा भाग तर जवळजवळ सगळा एका कोठडीत, रात्री, फ्लेचर आणि कोवळा गॉडबर या दोघांत घडतो. गॉडबर झालेल्या रिचर्ड बेकिन्सेलला बार्कर पुरेपूर जागा देतो. स्वतः कितीतरी वेळ नुसता ऐकतो. ऐकणारा विनोदी नट ही दुर्मीळ गोष्ट आहे. बेकिन्सेल १९७९ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला, आणि ती जोडी तिथंच संपली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला फ्लेचरला शिक्षा ठोठावणाऱ्या न्यायाधीशाचा आवाज ऐकू येतो. तो आवाजही बार्करचाच. आरोपीही तोच, निकाल देणाराही तोच!

‘ओपन ऑल आवर्स’मधला चिक्कू किराणेवाला आर्कराइट तोतरा आहे. तोतरेपणा क्लार्कच्या संहितेत नव्हता. रेपर्टरीच्या दिवसांत ग्लेन मेल्विन या सहकाऱ्याकडून बार्कर तो शिकला होता. लयीसाठी त्यानं तो अचूक वापरला: अडखळलेल्या अक्षरापाशी हशा दाबून धरायचा आणि शब्द सुटला की सोडायचा. आज मी असं पात्र लिहिणार नाही. त्या मालिकेतला काही हशा माणसाच्या अडखळण्यावरच येतो, आणि त्यात बसवणाऱ्याचं कसब कितीही असलं तरी खटकायचं ते खटकतंच.

१९८८ साली त्यानं ‘क्लॅरेन्स’ ही शेवटची विनोदी मालिका केली. लेखक म्हणून नाव होतं बॉब फेरिस. आता आडपडद्यामागं कोण हे सांगायची गरज उरली नव्हती. मग तो थांबला. तेव्हा तो साठीलाही पोचला नव्हता आणि लोकप्रियता तसूभर उतरलेली नव्हती. कल्पना आटल्या आणि जे करायचं होतं ते करून झालं, असं त्यानं कारण सांगितलं. पत्नी जॉयबरोबर त्यानं चिपिंग नॉर्टनमध्ये जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. पुढं ‘द गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये चर्चिलच्या बटलरची छोटी भूमिका करायला तो परत आला, ‘माय हाउस इन अंब्रिया’मध्येही दिसला, पण वायली मात्र थांबला तो थांबलाच. बार्कर ३ ऑक्टोबर २००५ रोजी गेला.

ही निवृत्ती लोकांना अजून कोड्यात टाकते. मला ती वायलीच्या गोष्टीचाच पुढचा भाग वाटते. वीस वर्षं जो लेखक आपलं पान दुसऱ्या कुणाचं समजून तपासत आला, त्याला पान कोरं राहू लागलं की ते सर्वांत आधी कळतं. नट त्याला हवं तेवढं खेचू शकला असता. जुन्या जागांवर आणखी दहा वर्षं सहज निघाली असती. आडपडद्यामागच्या माणसानं परवानगी दिली नाही.

आपल्या वाहिन्यांवर आज लिहिणारे नट पुष्कळ आहेत आणि त्यातले काही फार चांगले आहेत. आठवड्याचा भाग आठवड्यात उभा करायचा असतो, तेव्हा टोपणनावांचे खेळ कुणाला परवडणार नाहीत, हे मीही जाणतो. पण पहिल्या वाचनाला पानावरचं लेखकाचं नाव झाकून ठेवायला एक पैसा लागत नाही. मी माझ्या बैठकीत ते करतो. नाव झाकलं की मंडळींचं हसू उशिरा येतं, कमी येतं, आणि जिथं येतं तिथं ते पानाचं असतं. माझी स्वतःची पानंही त्यात बाद होतात, आणि बाद होताना वाईट वाटतंच. बार्करलाही वाटत असणार. म्हणून तर त्यानं त्यासाठी वेगळा माणूस नेमला होता.